सातव्या टेबलावरचे काका

त्या खोलीला खिडकी नव्हती. एक मोठी काच होती, पण तिच्यापलीकडे साहेब बसायचे, त्यामुळे तिच्यातून आभाळाऐवजी साहेबांचं टक्कल दिसायचं. बाकी चोवीस टेबलं, चोवीस हेडफोन आणि प्रत्येक टेबलावर तीन पडदे: एकावर शहराचा नकाशा, एकावर विचारायचे प्रश्न आणि एकावर कुठली रुग्णवाहिका मोकळी आहे त्याची यादी. हेडफोनची वायर टेबलाला जोडलेली. ताणली तर दोन हात लांब व्हायची. सकाळी आठ ते रात्री आठ अशी पाळी, आणि त्या बारा तासांत वायर जाईल तेवढंच जग. "बांधलेल्या गाईला याहून लांब दावं मिळतं," असं आठ नंबर म्हणायचा आणि वर हंबरूनही दाखवायचा. फोन चालू नसला तर.

इथं माणसांना नावं नव्हती, नंबर होते. आठ नंबर म्हणजे आठव्या टेबलावरचा जाडा, बडबड्या गृहस्थ. त्याच्या शेजारी सात नंबर, जिची ही गोष्ट आहे. वय अडतीस, या खुर्चीत सहा वर्षं. ऑफिसच्या जवळच एका खोलीत भाड्यानं राहायची आणि सुट्टीच्या दिवशी आईवडिलांकडे जायची.

कामाचे नियम सोपे होते. आधी पत्ता, मग बाकी सगळं. मध्येच फोन तुटला तरी पत्त्यावर गाडी पाठवता येते, रडण्यावर पाठवता येत नाही. नाव विचारत बसायचं नाही. आवाजावरून वयाचा अंदाज घ्यायचा आणि नातं लावून मोकळं व्हायचं: दादा, ताई, काका, मावशी, आजी. घाबरलेला माणूस नात्याच्या हाकेला ओ देतो, असं प्रशिक्षणात शिकवणाऱ्या बाईंचं म्हणणं होतं. सहा वर्षांत सातनं असे हजारो नातेवाईक जमवले आणि तितक्याच भराभर सोडून दिले. सख्ख्या काकांना तिनं शेवटचा फोन कधी केला होता, ते मात्र तिला आठवायचं नाही.

आणखी एक नियम होता. घरच्याच माणसाचा फोन आपल्या टेबलावर आला तर लाल कार्ड वर करायचं. साहेब येतात, कॉल ताब्यात घेतात आणि आपण बाजूला व्हायचं. हे कार्ड प्रत्येकाच्या कीबोर्डखाली असायचं. सहा वर्षांत ते कोणी वर केलेलं तिनं पाहिलं नव्हतं. आठ नंबर त्यावर चहाचा कप ठेवायचा.

आणि आवाज. टेबलाचा एक वेगळा आवाज असतो. आपल्या नेहमीच्या आवाजापेक्षा एक पट्टी खाली, संथ, कुठंही न चढणारा. सातनं तो इतका कमावला होता की कधीकधी घरीही निसटायचा. मग आई शिवणयंत्रावरून मान वर करायची. "तो आवाज नको काढूस बाई. मला वाटतं, मी मेले की काय."

वडील निवृत्त तिकीट तपासनीस. एकतीस वर्षं बसमध्ये लोकांच्या तोंडाकडे बघून खोटं ओळखण्यात गेलेली. घरातही कोणी काही सांगितलं की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: "पुरावा काय?" मुलीचं तर ते मुळीच ऐकायचे नाहीत. तिनं एकदा मोठ्या अक्षरांत कागद लिहून स्वयंपाकघराच्या कपाटावर चिकटवला होता. छातीत दाब, डाव्या हाताला कळ, जबडा दुखणं, घाम. यातलं काहीही झालं तर लगेच फोन करा. पुढच्या सुट्टीला ती आली तर कागद गायब. "घराला दवाखान्याची कळा नकोय मला," वडील म्हणाले. त्यांच्याशी वाद घालणं म्हणजे चालत्या बसला ढकलण्यासारखं होतं.

त्या मंगळवारी दुपारी एकच्या सुमारास शहराबाहेरच्या रस्त्यावर दोन बस एकमेकींवर आदळल्या आणि अर्धी खोली त्यात गुंतली. साहेब चौदा नंबरच्या खुर्चीमागे उभे राहून ओरडत होते. आठच्या तोंडचे विनोद बंद झाले होते, यावरून काय ते समजा. सातच्या पडद्यावर मोकळ्या गाड्यांच्या यादीत पाच नावं होती, बघताबघता एक उरलं. तेवढ्यात तिच्या टेबलाचा फोन वाजला.

"नमस्कार, आपत्कालीन वैद्यकीय सेवा."

"मॅडम, गाडी पाठवा. लवकर पाठवा हो. बायको पडलीय माझी. उठत नाहीये."

पडद्यावर नंबर उमटला. तो तिला पाठ होता. त्याआधीच, 'मॅडम' या पहिल्या शब्दालाच, तिनं आवाज ओळखला होता.

'बाबा' हा शब्द तिच्या जिभेवर होता, हे ती पुढं कुणापुढेही शपथेवर सांगायला तयार होती. पण जिभेला सहा वर्षांचं वळण. तिच्या तोंडून निघालं ते असं:

"पत्ता सांगा, काका."

स्वतःच्या घराचा पत्ता विचारणारी मुलगी जगात दुसरी नसेल. आणि त्यांनी तो सांगितला. औषधाच्या दुकानाशेजारचा जिना, दुसरा मजला, डावीकडचं दार. त्यांनी सांगितला आणि तिनं टाइपही केला, एकेक अक्षर. उरलेली एकमेव गाडी तिनं त्या पत्त्यावर सोडली. नकाशावरचा ठिपका हलला. शहराच्या पार दुसऱ्या टोकाला होता. पडदा म्हणाला, अकरा मिनिटं.

"गाडी निघाली, काका. मी फोनवरच आहे. पेशंटचं वय किती?"

"अठ्ठावन्न. नाही, साठ असेल. मला... मॅडम, मला माहीत नाही हो."

तिनं त्रेसष्ट लिहिलं.

"फोन स्पीकरवर टाका आणि बाजूला ठेवा. तुमच्या पत्नीचे खांदे हलवा, हाक मारा. डोळे उघडतात का?"

आईला ती 'तुमची पत्नी' म्हणाली. पलीकडून हाका ऐकू आल्या. वडील आईला नावानं कधी हाक मारायचे नाहीत. 'अगं' म्हणायचे. आताही 'अगं, अगं' एवढंच चाललं होतं.

"नाही उघडत. पण श्वास घेतेय, मॅडम. घोरतेय. झोपल्यासारखी घोरतेय."

खोलीतल्या चोवीसच्या चोवीस माणसांना हा शब्द ठाऊक होता. बेशुद्ध माणूस घोरतो तेव्हा तो झोपलेला नसतो. घरच्यांना हायसं वाटतं, आणि त्या हायसं वाटण्यात माणूस जातो.

"आता त्या घोरल्या की मला 'आता' म्हणा."

"आता."

तिनं घड्याळाच्या काट्याकडे पाहिलं. सहा. आठ. दहा. बारा.

"आता," वडील म्हणाले. त्यानंतर ते काहीच म्हणाले नाहीत.

याच वेळी तिचा हात कीबोर्डखालच्या कार्डावर गेला. गेला होता, बोटांना ते लागलंही. साहेब पाठमोरे, खोलीच्या दुसऱ्या टोकाला. ते यायचे, हेडफोन लावायचे, पडदा वाचायचे, नव्या आवाजात पुन्हा पहिल्यापासून बोलायचे. सगळं जमून आलं तरी अर्धं मिनिट. अर्ध्या मिनिटात काय काय मरतं हे तिला शिकवावं लागत नव्हतं. आणि दुसरी गोष्ट अशी की पलीकडचा माणूस मॅडमचं ऐकत होता. पत्ता सांगा म्हटलं, सांगितला. स्पीकर लावा म्हटलं, लावला. पुरावा मागितला नाही. अडतीस वर्षांत मुलीनं सांगितलेलं पहिल्या फटक्यात त्यांनी एकदाही केलं नव्हतं. ही बाई आपलीच पोर आहे हे कळलं असतं तर त्यांचे हातपाय गळाले असते. ते रडले असते, नाहीतर 'तू ये, आत्ताच्या आत्ता ये' म्हणत बसले असते. म्हणून मॅडमला मॅडमच राहणं भाग होतं.

तिनं कार्ड सोडलं.

"काका, नीट ऐका. त्यांचा श्वास थांबलाय. आपण दोघं मिळून त्यांची छाती दाबायची आहे. जमिनीवर सपाट निजवा. गुडघ्यावर बसा. छातीच्या मधोमध एक तळहात, त्यावर दुसरा. कोपरं सरळ. जोरात दाबा, खाली, दोन इंच. माझ्याबरोबर मोजा. एक, दोन, तीन, चार."

"एक, दोन, तीन, चार," वडील म्हणाले.

सत्तरीचा माणूस, गुडघे दुखतात म्हणून संडासातही कठडा बसवून घेतलेला. ते खाली बसले आणि दाबत राहिले. तिसऱ्या फेरीला त्यांचा आवाज फाटला.

"मोडलं! मॅडम, काहीतरी मोडलं, कट्‌ झालं!"

"बरगडी आहे. ती जुळते, काका. थांबू नका. एक, दोन."

"दुखत असेल हो तिला."

"नाही दुखत. तीन, चार."

शेजारून आठ तिच्याकडे बघायला लागला होता. तिचा आवाज नेहमीसारखाच होता, एक सूतभरही हललेला नव्हता. पण ती वायर बोटांना करकचून गुंडाळत होती आणि बोटांची टोकं पांढरी पडली होती.

पाचव्या मिनिटाला वडील बोलायला लागले. दाबता दाबता, मोजता मोजता, धापा टाकत.

"सकाळपासून म्हणत होती... नऊ वाजल्यापासून... जबडा दुखतोय. मी म्हटलं, दात असेल. संध्याकाळी जाऊ... दाताच्या डॉक्टरकडे."

"बोलू नका, काका. मोजा."

"एक, दोन... मग म्हणाली, पोरीच्या ऑफिसात फोन करू का. मी म्हटलं, खबरदार. सगळ्या शहरात बोंब नको. रोजची रड आहे तुझी, म्हटलं. असं म्हटलं मी तिला, मॅडम."

"तीन, चार. मोजा."

"घाम आला होता तिला. दिसला होता मला. मी पंखा वाढवला."

सातनं डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांनीही ती मोजत राहिली. नऊ वाजता ती इथंच, याच खुर्चीत बसली होती. नऊ वाजता यादीत पाचही गाड्या मोकळ्या होत्या आणि त्यातली एक त्या औषधाच्या दुकानापासून चार मिनिटांवर उभी होती. तिला ओरडावंसं वाटलं. जबडा, बाबा! कागदावर लिहिलं होतं ना, जबडा! पण मॅडमला कागदाचं काय माहीत?

"मॅडम," पलीकडून आवाज आला, आता अगदी बारीक. "माझी मुलगी तुमच्यातच कामाला आहे. तिला यातलं काही सांगू नका. एवढी मेहरबानी करा."

"काका, मोजा."

"नाही, आधी सांगा. शब्द द्या."

हात थांबले होते. तिला ते ऐकू आलं. दाबण्याचा आवाज बंद झाला होता. आईची छाती आणि वडिलांचे हात यांच्यामध्ये आता हा एक शब्द अडकला होता.

"नाही सांगणार, काका. शब्द देते. दाबा. एक, दोन, तीन, चार."

पुढची सहा मिनिटं नुसतं मोजणं झालं. मग दारावर थाप, बुटांचे आवाज, एका तरुण माणसाचं "हात काढा काका, आम्ही बघतो," आणि फोन तुटला. पडद्यावर लाल अक्षरांत वेळ थांबली. लगेच दुसरा फोन वाजला. तिनं तो घेतला. कुठल्याशा मावशींचा पायरीवरून पाय मुरगळला होता. त्यांना तिनं बर्फ लावायला सांगितलं, पाय उशीवर ठेवायला सांगितला, आणि मग हेडफोन काढून टेबलावर ठेवला.

"काय झालं गं?" आठनं विचारलं.

"घरचा होता," ती म्हणाली.

आठच्या हातातला कप तसाच राहिला.

हॉस्पिटलच्या बाकावर वडील बसले होते. शर्टाची बटणं खालीवर लागलेली, पायात दोन वेगवेगळ्या चपला. आई वाटेतच गेली होती. ती ज्या दारामागे होती त्या दाराकडे न बघता ते समोरच्या भिंतीकडे बघत होते.

"आलीस? तुला कोणी सांगितलं?"

"ऑफिसात कळलं," ती म्हणाली. पहिलं खोटं.

"अचानक झालं गं. सकाळी चांगली होती. काही म्हणजे काही त्रास नव्हता."

तिनं त्यांच्याजवळ बसून त्यांचा हात धरला. तळहात सुजून लाल झाला होता. "हो, बाबा," ती म्हणाली.

झालं. दार लागलं ते तेव्हा, हे तिला पुढं कळलं. त्या क्षणी ती म्हणू शकली असती, की बाबा, फोनवर मीच होते. पण तसं म्हटल्याबरोबर दाताचा डॉक्टर, पंखा, 'रोजची रड' हे सगळं त्या बाकावर त्या दोघांच्या मध्ये येऊन बसलं असतं. जे त्यांनी परक्या बाईला सांगितलं ते मुलीला कळलंय, हे त्या माणसाला सोसलं नसतं. तिला तरी वाटत होतं तसं.

भाड्याची खोली सोडून ती घरी राहायला आली. लोक भेटायला येत होते. वडील प्रत्येकाला तीच हकिगत सांगायचे, सकाळी चांगली होती इथपासून. मग म्हणायचे, "फोनवर एक मॅडम होत्या. देवमाणूस. शेवटपर्यंत सोडलं नाही मला."

आत्यानं यावर नाक मुरडलं. "आणि ही तिथं असून हिच्याकडे नाही लागला फोन! काय उपयोग त्या नोकरीचा?"

"चोवीस टेबलं असतात तिथं," वडील म्हणाले. "तिचा काय दोष?"

सात उठून चहा ठेवायला गेली आणि चहा उकळून उकळून काळा होईस्तोवर तिथंच उभी राहिली.

पंधरा दिवसांनी कामावर गेली तर साहेबांनी काचेच्या खोलीत बोलावलं. कार्ड का वर केलं नाही, याचं लेखी उत्तर हवं होतं. तिनं तिथंच बसून दोन ओळी लिहिल्या. साहेबांनी त्या वाचल्याच नाहीत.

"मी ऐकला तो कॉल," ते म्हणाले. "दोनदा. नियमानं चूक आहे. बाकी काय बोलू? वडिलांना सांगून टाका एकदा. मोकळं होईल सगळं."

"सांगितलं तर त्यांना कळेल, मला काय काय माहीत आहे ते. आणि मी शब्द दिलाय."

"शब्द मॅडमनं दिलाय."

"तेच तर," ती म्हणाली.

साहेबांनी टकलावरून हात फिरवला आणि तिला टेबलावर पाठवलं. तिच्यापुढं चहा ठेवून आठ गुपचूप आपल्या जागी बसला.

घरात आता दोनच माणसं. आईचं यंत्र झाकून ठेवलेलं. रात्री जेवताना वडील आणि मुलगी समोरासमोर बसायची आणि भांड्यांचाच काय तो आवाज. एकदा वडिलांनी विचारलं, "ते फोन साठवून ठेवतात ना तुमच्याकडे?"

"ठेवतात."

"ऐकतं कोण?"

"कोणी नाही. तक्रार आली तरच."

"आणि त्या मॅडम कोण होत्या, ओळखतेस?"

"पाळ्या बदलत असतात, बाबा. कसं सांगणार?"

त्यांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं, तिकीट हातात घेऊन पाहावं तसं. मग मान खाली घातली.

तिला दुःख होतं ते होतंच, पण त्याहून जास्त राग होता, आणि या रागाचं काय करावं ते तिला कळत नव्हतं. दुःख चारचौघांत करता येतं. हा राग कोणावर काढणार? वडिलांना ती विचारू शकत नव्हती, की घाम दिसला तरी तुम्ही पंखाच का वाढवलात? कारण घाम तिला माहीत नसायला हवा होता. मग ती नळ नीट बंद केला नाही म्हणून चिडायची, ओला टॉवेल पलंगावर टाकला म्हणून चिडायची. वडील निमूटपणे टॉवेल उचलायचे. हा माणूस आयुष्यात कधी निमूट नव्हता. त्यांचा निमूटपणा पाहून तिला आणखी राग यायचा, आणि मग रात्री उशीत तोंड खुपसून ती स्वतःवरच चरफडायची. दिवसा खिडकी नसलेल्या खोलीत, रात्री त्या घरात. श्वास घ्यायला अशी मधली जागाच उरली नव्हती. होती ती येण्याजाण्याची वीस मिनिटं.

असे दोन महिने गेले.

गुरुवार होता, दुपारचे बारा वाजायला आले होते. कामाची गर्दी नव्हती. आठ नंबर जांभया देत होता. सातचा फोन वाजला आणि तिनं तो घेतला.

"नमस्कार, आपत्कालीन वैद्यकीय सेवा."

"मॅडम, गाडी नकोय. कोणी आजारी नाही. रागावू नका, ठेवू नका."

पडद्यावर तोच नंबर होता. तिनं घसा साफ केला. आवाज एक पट्टी खाली आणला.

"बोला, काका."

"दोन महिन्यांपूर्वी माझी बायको गेली. तेव्हा फोनवर एक मॅडम होत्या. त्या तुम्हीच का, ते मला माहीत नाही. असलात तरी सांगू नका. एकच विचारायचंय, तुम्हाला यातलं कळतं म्हणून."

"विचारा."

"जबडा दुखायला लागला सकाळी नऊला. मी फोन केला दुपारी सव्वाला. नऊलाच केला असता तर?"

या प्रश्नाचं छापील उत्तर होतं. शिकवणाऱ्या बाईंनी ते सगळ्यांकडून घोकून घेतलं होतं: तसं काही सांगता येत नाही, तुमच्याकडून शक्य ते सगळं तुम्ही केलंत. हजार वेळा दिलेलं उत्तर, झोपेतही दिलं असतं. ते तोंडापर्यंत आलं आणि दोन महिन्यांच्या त्या रागानं त्याला बाजूला सारलं. इथं ती मुलगी नव्हती. मॅडमला बोलायला कोणाची आडकाठी होती? मॅडमनं खरं सांगितलं तर कोणाचं काय मोडणार होतं? पलीकडचा माणूस फोन ठेवील, आणि संध्याकाळी त्याच्या घरी परतणारी मुलगी वेगळीच असेल, जिला यातलं काहीच ठाऊक नाही.

"वाचल्या असत्या, काका," ती म्हणाली. "नऊ वाजता गाडी तुमच्या घरापासून चार मिनिटांवर होती. बहुतेक वाचल्या असत्या."

बोलून झाल्यावर तिला बरं वाटलं. लाज वाटावी इतकं बरं वाटलं, एखादा घास अडकून बसावा आणि सुटावा तसं.

पडद्यावर सेकंद पुढं सरकत होते.

"हां," वडील म्हणाले. "मलाही तसंच वाटत होतं. सगळे म्हणतात, तुमची काही चूक नाही. कोणीतरी सांगायला पाहिजे होतं." मग म्हणाले, "ठेवतो. तुमचा वेळ घेतला."

"काही हरकत नाही, काका."

"आणि डबा खाऊन घे. काल तसाच परत आणलास."

फोन ठेवल्याचा आवाज आला.

सात पडद्याकडे बघत राहिली. मॅडमशी अहो-जाहो करणारा माणूस 'घे' म्हणाला होता, 'आणलास' म्हणाला होता. चुकून नव्हे. एकतीस वर्षं लोकांचं खोटं पकडणारा माणूस असं चुकत नाही. त्यांना माहीत होतं. मग कधीपासून? रेकॉर्डबद्दल विचारलं त्या रात्रीपासून? हॉस्पिटलच्या बाकावरच त्यांनी ओळखलं होतं? की पहिल्या 'पत्ता सांगा, काका'लाच, जमिनीवर गुडघे टेकून बसण्याआधीच? मग मुलीला सांगू नका म्हणून गयावया केली ती कोणाची? सगळं माहीत असूनही त्यांनी आज फोन करून विचारलं, आणि तिनं सांगितलं. परक्या बाईच्या आड उभं राहून तिनं स्वतःच्या बापाला तोंडावर सांगितलं की तुम्ही आईला मारलंत, आणि त्यांनी तिला जेवून घ्यायला सांगितलं.

"कोण होतं?" आठनं जांभई आवरत विचारलं.

"काका होते एक," ती म्हणाली, आणि तिचा आवाज तसाच, टेबलाचा निघाला. दुसरा कुठला काढावा ते तिला सुचेना.

पाळी संपायला अजून आठ तास होते, आणि त्यानंतर घरी जायचं होतं.